पहिली बेस गिटार कुठली घ्यावी आणि हात कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऐकण्याची आवड भरपूर, पण आजवर कुठलंही वाद्य हातात घेतलेलं नाही. आता बेस शिकायचा आहे. त्यासाठी आधी साधी गिटार शिकावी लागेल का? चार तारांचा बेस घ्यावा की पाच? हात लहान आहेत, जमेल का? बोटांनी वाजवावं की पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने)? आणि घरी एकट्याने सराव करताना नेमकं करायचं काय?

मी बरीच वर्षं बेस वाजवतो आणि नवशिक्यांना शिकवतोही, त्यामुळे हे प्रश्न ओळखीचे आहेत. त्यातला गिटारचा प्रश्न आधी मिटवून टाकू. आधी गिटार शिकायची काहीही गरज नाही. थेट बेस घ्या. गिटार वाजवणारा माणूस बेसकडे येतो तेव्हा डावा हात तयार असतो हे खरं, पण त्याचं लक्ष सूर कुठला लावायचा यावर असतं. बेसवर तेवढाच मोठा प्रश्न सूर कधी थांबवायचा हा आहे. जाड, लांब तार एकदा छेडली की बराच वेळ घुमत राहते. ती वेळेवर बंद केली नाही तर पुढचा सूर तिच्यात मिसळतो आणि सगळं गाणं गढूळ होतं. सूर बंद करण्याची ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी लावली तर तुमचा फायदाच आहे. वाद्याची निवडसुद्धा मी याच दृष्टीने सांगणार आहे: थांबवायला सोपा, धरायला हलका, आणि रोज उचलून घ्यावासा वाटेल असा बेस.

पहिल्या बेससाठी माझा सल्ला सहसा बदलत नाही. चार तारा, फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला), प्रिसिजन किंवा जॅझ घाटाचा, आणि नीट सेटअप केलेला, म्हणजे तारा, दांडा वगैरे नीट बसवून घेतलेला. अमेरिकेतले वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस 1951 मध्ये आणला आणि जॅझ बेस 1960 मध्ये. आज बहुतेक कंपन्यांचे बेस या दोन घाटांच्या जवळपास फिरतात, त्यामुळे नाव कुठलंही असलं तरी वाद्य ओळखीचं वाटतं. प्रिसिजनला दोन तुकड्यांत विभागलेला एकच पिकअप (तारेचा कंप पकडून त्याचा विद्युत संकेत करणारा भाग), एक व्हॉल्यूम आणि एक टोन. यात चुकीचं काही लावून ठेवायला वावच नाही. दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवून वाजवायला लागा. जॅझला दोन पिकअप असतात, आवाजात जास्त छटा मिळतात आणि नटजवळ (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) नेक, म्हणजे दांडा, अरुंद असतो, साधारण 38 मिलिमीटर. प्रिसिजनचा नेक तिथे 41 ते 44 मिलिमीटर असतो. जॅझ घेतलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतील तर एकच पिकअप उघडा ठेवल्यावर मागे गुणगुण ऐकू येते. दोन्ही सारखे उघडले की ती जाते. वाद्य बिघडलेलं नसतं, पिकअपची रचनाच तशी असते.

पाच तारांच्या बेसवर खर्जात आणखी एक बी ची तार मिळते, साधारण 31 हर्ट्झची. चार तारांच्या बेसवर जाडपासून बारीककडे ई, ए, डी, जी अशा तारा असतात, आणि सगळ्यात खर्जातली ई 41 हर्ट्झची असते. हा खर्ज मोहात पाडतो, हे मला कळतं. पण सुरुवातीला ती पाचवी तार वाजवण्यापेक्षा गप्प ठेवण्यातच हात गुंततो. शिवाय नेक रुंद होतो. चार तारांवर आयुष्यभर वाजवलं तरी साहित्य संपत नाही. पुढे तुमच्या बँडची गाणी खरोखर ई च्या खाली जायला लागली की पाच तारांचा विचार करा.

ॲक्टिव्ह बेसमध्ये आत प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं छोटं सर्किट, असतो आणि त्याला बहुधा 9 व्होल्टची बॅटरी लागते. आवाज घडवायला तो छान, पण वायर जोडलेली राहिली की बॅटरी संपत राहते आणि ऐन वेळी आवाज फाटायला लागतो. असा बेस आवडला तर जरूर घ्या, फक्त वाजवून झाल्यावर वायर काढायची सवय लावा.

आता लहान हात. या शंकेपायी कितीतरी लोक बेसला हातच लावत नाहीत, म्हणून इथे थोडं मोजमाप करू. नेहमीच्या बेसची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत (दुसऱ्या टोकाच्या आधारापर्यंत) तारेची वाजती लांबी, 34 इंच असते. या लांबीवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर साधारण 13 सेंटिमीटर भरतं. चार बोटं चार फ्रेटवर ठेवायची तर एवढा हात फाकवावा लागतो, आणि तो नवशिक्याला दुखतोच, हात मोठा असला तरी. पण त्याच नेकवर पाचव्या ते आठव्या फ्रेटचं अंतर 10 सेंटिमीटरच्या जवळपास येतं. म्हणून मी पहिले काही आठवडे सगळा सराव पाचव्या फ्रेटपासून वर करायला लावतो. हात सैल झाला की हळूहळू खाली, नटकडे यायचं.

खालच्या फ्रेटवर तर चार बोटं चार फ्रेटवर ताणायचीच नाहीत. डबल बेस (उभा धरायचा मोठा बेस) वाजवणारे फार पूर्वीपासून पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढीच बोटं वापरतात. अनामिका करंगळीच्या मदतीला राहते, आणि तीन फ्रेटच्या टप्प्यात काम करून पुढे सगळा हात सरकवायचा. डबल बेसचे शिक्षक फ्रान्झ सिमांडल यांच्या पद्धतीने ही बोटांची मांडणी रूढ झाली. बेस गिटारच्या पहिल्या चार-पाच फ्रेटवर ती आजही उत्तम चालते. एवढं करूनही अवघड गेलं तर 30 इंच स्केलचे शॉर्ट स्केल बेस मिळतात. त्यावर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत उतरतं आणि तारा मऊ लागतात. शॉर्ट स्केल म्हणजे मुलांचं वाद्य, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी ज्या व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनर बेसमुळे ओळखले जातात तो शॉर्ट स्केलचाच आहे.

दुकानात किंवा कुणाकडे जुना बेस बघायला जाल तेव्हा ॲम्पला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) जोडायच्या आधी तो स्ट्रॅपने गळ्यात अडकवा आणि दोन्ही हात सोडून द्या. नेक जमिनीकडे झुकायला लागला तर तो बेस नको. तसं वाद्य डाव्या हाताने सतत उचलून धरावं लागतं आणि तोच हात सूर दाबायला मोकळा राहत नाही. वजनही तेव्हाच कळतं. बरेचसे बेस साडेतीन ते साडेचार किलोच्या आसपास असतात आणि तासाभराच्या सरावानंतर अर्धा किलोचा फरक खांद्याला चांगलाच जाणवतो.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटांचं काम आहे. कुठे तार फ्रेटला घासून खरखरते ते ऐका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर शेजारच्या सुरांपेक्षा लवकर विझतो, तिथे जरा जास्त वेळ थांबा. याला डेड स्पॉट म्हणतात. नेकचा स्वतःचा कंप त्या सुराच्या जवळ येतो आणि तारेची ताकद शोषून घेतो. थोडाफार फरक चांगल्या, महागड्या वाद्यांतही सापडतो, तो चालतो. पण सूर लागल्यासारखा वाटून लगेच मरत असेल तर दुसरा नग मागा. एकाच मॉडेलच्या दोन बेसमध्येही यात फरक असतो. शेवटी नॉब फिरवून कर्र आवाज येतो का, वायरचं टोक हलवल्यावर आवाज तुटतो का आणि खुंट्या घट्ट आहेत का ते पाहा.

सेटअपबद्दल मी हट्टी आहे. वाद्यासाठी जे पैसे बाजूला काढले आहेत त्यातला थोडा भाग सेटअपसाठी राखूनच ठेवा, त्यासाठी एक पायरी स्वस्त बेस घ्यावा लागला तरी चालेल. वाईट सेटअपचा महागडा बेस बोटं सोलतो. चांगल्या सेटअपचा साधा बेस आपण दिवसातून दोनदा उचलतो. तपासायचं कसं? जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार व फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, साधारण 0.3 मिलिमीटर, असावी. फट खूप जास्त असेल किंवा मुळीच नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून नेकचा बाक ठीक करावा लागतो. ते काम पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्या आणि तो करत असताना शेजारी उभे राहून बघा. हवेतली आर्द्रता बदलली की नेक पुन्हा हलतो, त्यामुळे हे ज्ञान पुढे लागणारच आहे. तारेची उंची, म्हणजे ॲक्शन, बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर नवशिक्याचा हात सुखात राहतो. आणि बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (बोट न दाबता नुसतं टेकवून काढलेला सूर) व तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. दिसत नसेल तर ब्रिजवरचे सॅडल (तारा टेकतात ते छोटे भाग) पुढेमागे करून घ्यायचे.

तारांचा नेहमीचा संच 45 ते 105 जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) असतो. 40 ते 100 चा संच बोटांना थोडा हलका जातो. राउंडवाउंड तारांचा आवाज खणखणीत, पण सरकताना बोटांचा घसर ऐकू येतो. फ्लॅटवाउंड गुळगुळीत, आवाजाने गोल आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या. सुरुवातीला बेसवर असतील त्या राहू द्या.

ॲम्पसाठी घाई करू नका. घरी सरावाला हेडफोनची सोय असलेला छोटा ॲम्प किंवा हेडफोन ॲम्प पुरतो. ड्रमरबरोबर वाजवायचं तर मात्र दोन-तीनशे वॉटची ताकद लागते. तो टप्पा येईल तेव्हा बघू. गिटारच्या ॲम्पमधून मोठ्या आवाजात बेस वाजवू नका, खर्जाच्या सुरांनी त्याचा स्पीकर फाटू शकतो. मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकून स्वतःची पारख तर अजिबात करू नका. तो छोटासा स्पीकर 41 हर्ट्झ वाजवूच शकत नाही, आपल्याला फक्त वरचे उपस्वर ऐकू येतात.

आता उजवा हात. बोटं की पिक, यावर लोक हमरीतुमरीवर येतात आणि त्याची काही गरज नसते. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरत. कॅरोल के मूळच्या गिटारवादक. त्या 1963 च्या सुमारास बेसकडे वळल्या आणि पिकनेच वाजवत राहिल्या. दोघांचंही वादन बेसच्या विद्यार्थ्याने ऐकलंच पाहिजे असं आहे. माझं मत विचाराल तर सुरुवात तर्जनी आणि मधल्या बोटाने आळीपाळीने करा, कारण तारा गप्प करण्याचं काम मोकळ्या हाताला सोपं जातं. पिक काही महिन्यांनी हातात घ्या. अंगठ्याने आपटून वाजवायच्या स्लॅपचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, पण हात शांत व्हायच्या आधी त्यात शिरलं की नुसता खडखडाट होतो.

हात ठेवायचा असा: अंगठा पिकअपवर टेकवा. ए तार तर्जनीने वाजवा आणि बोट हवेत वर उचलू नका, तारेतून सरळ पुढे जाऊ द्या. ते आपोआप शेजारच्या ई तारेवर येऊन टेकेल आणि तिला गप्प करेल. डी किंवा जी तारेवर जाताना अंगठाही पिकअप सोडून ई तारेवर, गरज पडली तर ए तारेवर, येऊन बसतो. म्हणजे वाजवत असलेल्या तारेच्या खर्जाकडच्या सगळ्या तारा उजव्या हाताच्या ताब्यात. पलीकडच्या बारीक तारा डाव्या हाताची बोटं आडवी, हलकेच टेकवून सांभाळतात.

डाव्या हाताने फ्रेटच्या अगदी मागे दाबा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो आणि तरी खरखर येऊ शकते. मनगट शक्य तेवढं सरळ ठेवा. स्ट्रॅप एवढा आखूड करा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बेस त्याच उंचीवर राहील. गुडघ्याशी लोंबणारा बेस दिसतो छान, पण मनगट त्यात पार मोडतं. बोटांची कातडी पहिले दोन-तीन आठवडे हुळहुळेल, ते चालतं. मनगटात किंवा कोपराजवळ कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी थांबा. ती कातडी घट्ट होण्याची खूण मुळीच नाही. एवढ्याचसाठी सुरुवातीचे काही धडे समोरासमोर बसून घ्या असं मी आग्रहाने सांगतो. व्हिडिओ बघून खूप काही शिकता येतं, पण तुमचं मनगट वाकलंय हे व्हिडिओ तुम्हाला सांगत नाही.

सराव काय करायचा? एकच सूर. ई तारेचा पाचवा फ्रेट, म्हणजे ए. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 टिक, लावा आणि चार मात्रांचा ठेका धरा. पहिल्या मात्रेला सूर वाजवा आणि तिसरी मात्रा पडते त्याच क्षणी बंद करा. बंद करताना डावं बोट दाब सोडेल, पण तार सोडणार नाही. तारेवर हलकं टेकूनच राहील. आता त्या शांत दोन मात्रा नीट ऐका. काहीतरी गुणगुणतंय ना? ती मोकळी ए तार आहे. तुम्ही वाजवलेला सूर आणि ती तार एकाच पट्टीच्या, त्यामुळे हात न लावताही ती झंकारायला लागते. तिच्यावर डाव्या हाताचं एखादं मोकळं बोट हलकेच टेकवा आणि पुन्हा वाजवा. आता शांतता खरी शांतता होईल. हे एकदा कानाला कळलं की माणूस बदलतो. आजवर न ऐकलेला केर त्याला सगळीकडे ऐकू यायला लागतो.

हाच सूर मग एक मात्रा लांब, अर्धी मात्रा लांब, तीन मात्रा लांब करून वाजवा. त्यानंतर मेट्रोनोमची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरा. 80 च्या लयीसाठी मेट्रोनोम 40 वर लावायचा. पहिली मात्रा आता तुमची तुम्हाला धरावी लागते. पहिल्यांदा तोल जाईल, टिक कुठे पडली तेच कळणार नाही. पायाने मात्रा धरा, तोंडाने एक-दोन-तीन-चार म्हणा. हा सराव रोज दहा-पंधरा मिनिटं केला की लय आतून यायला लागते, आणि बँडला बेसवादकाकडून हीच पहिली अपेक्षा असते. स्वतःचं वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि हेडफोन लावून दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर कान माफ करतात.

सुरांचा नकाशा त्या मानाने सोपा आहे, कारण सगळ्या तारांमधलं अंतर सारखंच आहे. कुठल्याही सुराला सा माना. त्याचा पंचम शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे. वरचा सा आणखी एक तार ओलांडून, त्याच दोन फ्रेट पुढे. आणि खालचा पंचम शेजारच्या जाड तारेवर, अगदी त्याच फ्रेटवर. ही आकृती सगळ्या नेकवर कुठेही उचलून ठेवा, बदलत नाही. एवढ्या भांडवलावर कितीतरी गाण्यांना साथ करता येते. सोबत ई आणि ए तारेवरचे बाराव्या फ्रेटपर्यंतचे सूर नावांनिशी पाठ करा. डी आणि जी तारांवरचे सूर वरच्या सा च्या आकृतीने आपोआप सापडतात. टॅब (तारा आणि फ्रेटचे आकडे लिहिलेली सोपी लिपी) वापरायला हरकत नाही, पण सूर किती लांब ठेवायचा हे साध्या टॅबमध्ये बहुधा लिहिलेलं नसतं, म्हणून टॅब समोर असली तरी गाणं ऐकून लांबी ठरवा.

गाणं निवडताना हळू, मोकळं गाणं घ्या. बेस हातात घ्यायच्या आधी त्यातली बेसची ओळ हेडफोनवर शोधा आणि वरच्या पट्टीत गुणगुणा. गुणगुणता येत नाही ती ओळ अजून ऐकूच आलेली नाही असं समजा. मग किक ड्रमकडे (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) लक्ष द्या. तो आणि बेस कुठे एकत्र पडतात? त्यानंतर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, ऐका. पुष्कळ गाण्यांत बेसचा सूर स्नेअर पडते त्याच क्षणी थांबलेला आढळेल. म्हणूनच ती स्नेअर एवढी टणक वाजते. चार मात्रांच्या ठेक्यात स्नेअर बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला असते. तुमची मेट्रोनोमची टिकटिकही तिथेच होती.

चार कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या समूहांचे) मूळ सूर न अडखळता वाजवता आले की लगेच एखाद्या ड्रमरबरोबर किंवा गिटारवाल्याबरोबर बसा, आणखी तयारीची वाट बघू नका. हाय-हॅटच्या (ड्रमरच्या पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या) बाजूला उभे राहा, तिथून ड्रमरचा पाय आणि हात दोन्ही दिसतात. आवाज आधी कमी ठेवा आणि किक ड्रम तुमच्या सुरात नीट ऐकू येईल इतपतच वाढवा. मध्येच गाण्यात कुठे आहोत ते हरवलं, तर चुकीचे सूर चाचपत राहू नका. दोन्ही हात तारांवर सपाट टेकवून बेस पूर्ण गप्प करा, मोजत राहा, आणि पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा आली की मूळ सूर घेऊन परत शिरा.